सांध्यातले पाणी

आमच्या घरात सध्या एका काचेच्या पेटीवरून दोन तट पडले आहेत. एका बाजूला आठवीतला नातू आणि त्याचा बाप, दुसऱ्या बाजूला सौभाग्यवती. मी नेहमीप्रमाणे मध्ये. नातवाला मासे पाळायचे आहेत, आणि तेही बरणीत दोन-चार नव्हेत. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी तो दुकानात जाऊन पाहून आला आहे. आम्ही राहतो टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. हिने टाकीचे माप ऐकले आणि हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आली.

"अहो, एवढं पाणी घरात? गळली म्हणजे? शहापूरचं विसरलात वाटतं!"

शहापूरचे मी विसरलेलो नाही. १९८४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा आम्ही शहापुरात एका विणकराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली त्यांचा माग, वर आम्ही. मध्ये फळ्यांची तक्तपोशी. घरमालकांचे घर कानडी, आमचे मराठी. पण अज्जींशी आमचा व्यवहार अर्धा या भाषेत आणि अर्धा त्या भाषेत सुखाने चाले. शाळेत मी इतिहास शिकवीत असे. एका विद्यार्थ्याच्या घरी रंगीत मासे पाहिले आणि मला ती हौस लागली. बोळाच्या तोंडाशी फोटोंना चौकटी आणि खिडक्यांना काचा बसवणारे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्याकडून मी तीन फुटांची टाकी करून घेतली. लोखंडी अँगलची चौकट, आत काचा, सांध्यांत लांबी. (ही लांबी मोजायची नव्हे, भरायची. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून सुतार-रंगारी करतात ती.) शंभर रुपये ठरले होते. साठ दिले, चाळीस पुढच्या पगारावर ठेवले.

दुसऱ्याच महिन्यात एका रात्री धो धो पाऊस झाला आणि वीज गेली. पहाटे खालून अज्जींची हाक आली, "मास्तरss, नीर सोराकत्तैति!" पाणी गळायला लागलंय! उठून पाहतो तो टाकी तळापर्यंत रिकामी, वाळूवर मासे निपचित, आणि पाणी फळ्यांच्या फटींतून खाली मागावर. मागावर चढवलेला रेशमी ताणा भिजला. गडद काठाचा रंग पदराकडे उतरला. ती साडी कोणाच्या तरी लग्नाची होती. घरमालक एक शब्द बोलले नाहीत, ते मला अधिक लागले. नुकसान मी हप्त्याहप्त्याने भरले. सगळा राग काढला मामांवर. भर बोळात त्यांना म्हटले, "तुमच्या लांबीनं माझं घर बुडवलं." ते टाकी घेऊन गेले, आठ दिवस अंगणात भरून ठेवली आणि परत आणून दिली. "मास्तर, टाकी गळत न्हाई. खाली कागद पसरला हुता, त्यो बी वला झाला न्हाई." मी काही ऐकले नाही. चाळीस रुपये दिले नाहीत. टाकी माळ्यावर टाकली, ती पुन्हा कधी भरली नाही.

आता नातवाच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला, तेव्हा मास्तरकीच्या सवयीने मी आधी इतिहासाकडे गेलो. घरात पाणी काचेत कोंडून ठेवायची ही हौस आली कुठून, आणि गळतीची भीती तिच्या मागे लागली केव्हापासून?

मासे पाळण्याचा छंद जुना आहे, पण गळतीची चिंता त्या मानाने नवी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यान, सोनेरी मासे तळ्यांतून पाळले जात. पुढे मिंग काळात ते चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत घरात आले. भांडे एकसंध होते. ते फुटेल, पण गळणार नाही; कारण त्याला सांधा नाही. मात्र त्यातला मासा वरूनच पाहायचा. त्या सोनेरी माशांची पैदासही, म्हणे, वरून शोभून दिसावेत अशीच होत गेली. फुंकून केलेल्या काचेच्या गोल बरणीलाही सांधा नसतो, पण तिचा आकार फुंकणाऱ्याच्या छातीइतकाच. माणसाला जेव्हा मासा बाजूने, डोळ्याला डोळा भिडवून पाहावासा वाटला, आणि तोही मोठ्या पाण्यात, तेव्हा सपाट काचा एकमेकींना जोडणे भाग पडले. सांधा जन्मला तो त्या दिवशी. गळतीची भीतीही त्याच दिवशीची.

हा दिवस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. सिसिलीतल्या मेसिना गावी झान व्हिल्प्रो-पॉवर ही फ्रेंच बाई १८३२ च्या सुमारास समुद्रातल्या अर्गोनॉट नावाच्या प्राण्याचा अभ्यास करीत होती. त्याचे नाजूक कवच तो स्वतः घडवतो की दुसऱ्याचे बळकावतो, असा वाद होता. त्यासाठी तिने काचेच्या पेट्या करवून घेतल्या आणि कवच त्याचेच असल्याचे सिद्ध केले. शिंपिणीचे काम करून वर आलेली ही बाई. काचपेटीच्या इतिहासाच्या आरंभी तिचे नाव घ्यावे लागते.

तिकडे लंडनमध्ये डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ मध्ये एका झाकलेल्या बाटलीत आपोआप उगवलेला नेचा दिसला आणि त्यातून बंद काचपेटीत झाडे वाढवण्याची युक्ती निघाली. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळजीव लंडनला आणले आणि घरात जगवले. त्यांना हवा मिळावी म्हणून मोलकरणीने उघड्या खिडकीशी उभे राहून रोज अर्धा-पाऊण तास ते समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे. इतिहासात नाव राहिले मालकिणीचे, हात दुखले मोलकरणीचे. ती दगदग रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी संपवली. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. झाडे प्राणवायू देतात, गोगलगाई सडलेली पाने खातात, आणि पाणी न बदलता स्वच्छ राहते, हे त्यांनी १८५० मध्ये जाहीर केले.

या सर्वांच्या मागे एक रुक्ष कारण होते. इंग्लंडात काचेवर १७४६ पासून वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ मध्ये उठला. काच स्वस्त झाली, सपाट मोठे तक्ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आणि १८५१ मध्ये लंडनला साक्षात काचेचा महाल उभा राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८५३ मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. त्याला जलचर पुरवणाऱ्यांपैकी एक होते फिलिप हेन्री गॉस. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, त्यांचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले आणि या पेटीला तेच नाव चिकटले. गंमत अशी की, लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याचा हौद! दिवाणखान्यात मखमलीच्या पडद्याशेजारी मिरवणारी वस्तू, आणि नाव गोठ्यातले.

त्या काळची घरगुती टाकी डोळ्यांपुढे आणा. तळाला पाटीच्या दगडाची जाड फरशी, तिच्यात खाचा. खाचांत काचेच्या भिंती. कोपऱ्यांना लाकडी किंवा धातूचे खांब. आणि फटींतून लांबी. या लांबीनेच पहिल्या पिढीच्या हौशी मंडळींना रडवले. जवसाच्या तेलाची लांबी सुकते, आक्रसते आणि तडकते. ती टिकावी म्हणून तीत शिशाचा सफेदा किंवा शेंदूर घालीत; पण शिसे पाण्यात उतरले की मासे दगावत, आणि समुद्राच्या पाण्यात तर ते फार लवकर. म्हणून आतून लाखेचा हात देत. लाखही पुढे सुटे. थोडक्यात, जी लांबी पाणी धरी ती मासे मारी, आणि जी मासे जगवी ती पाणी सोडी. दोन्ही गोष्टी एका गोळ्यात साधायला पुढची शंभर वर्षे लागली. इंग्लंडातली ती साथ १८६० नंतर ओसरली. त्याला इतर कारणे आहेतच, पण सतरंजी दोनदा भिजल्यावर घरच्या बाईने ती पेटी मागच्या अंगणात हलवली असणार, असे मला आमच्या घरचा अनुभव जमेस धरून वाटते.

(गॉस जन्मले १८१० मध्ये आणि वारले १८८८ मध्ये. आपल्याकडे हावेरीजवळच्या शिशुनाळ गावचे संत शरीफ १८१९ ते १८८९ असे जवळजवळ त्याच काळातले. त्यांचे गळक्या छपराचे पद इकडच्या कानडी घरांत अजून गायले जाते. तिथे गळते ते मनाचे घर. अज्जी ते पद उत्तम म्हणत. त्या पहाटेनंतर बरेच दिवस मला ते खालून ऐकू आले नाही, किंवा माझाच कान त्याकडे गेला नाही.)

विसाव्या शतकात लाकडाचे खांब जाऊन लोखंडी अँगलची चौकट आली. मामांनी मला करून दिलेली टाकी ही या घराण्यातली. आपल्याकडे मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांची परंपराही याच शतकातली. मद्रासचे १९०९ चे आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. मुंबईला गेलेला आपल्याकडचा पाहुणा राणीची बाग आणि तारापोरवाला पाहिल्याशिवाय परत येत नसे. आमच्या पिढीच्या डोक्यात काचेमागच्या माशांची हौस तिथूनच शिरली.

या चौकटीच्या टाकीतली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती मोठी अकलेची आहे. चौकट बाहेर असते, काच आत. लांबी या दोहोंच्या मध्ये. टाकी भरली की पाणी काचेला बाहेर ढकलते, काच लांबीवर दाबली जाते, लांबी चौकटीवर. म्हणजे पाणीच स्वतःचा सांधा दाबून धरते! भरलेली टाकी सहसा गळत नाही; गळते ती रिकामी करून उन्हात ठेवलेली, लांबी सुकून गेलेली, किंवा इकडून तिकडे हलवताना चौकट पिळवटलेली. जुने जाणकार अशी टाकी कधी कोरडी पडू देत नसत.

मग आले सिलिकॉन. हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅमचे प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांच्या संशोधनातून रूढ झाले. या चिकट पदार्थांचा व्यवहारात काही उपयोग होईल असे त्यांना स्वतःला वाटत नव्हते. अमेरिकेत काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीतले रसायनज्ञ जेम्स फ्रँकलिन हाइड यांनी तो धागा उचलला. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनातले विजेचे जोड ओलाव्यापासून वाचवायला हा माल वापरला गेला. युद्धानंतर हवेतल्या दमटपणाने आपोआप घट्ट होणारी सिलिकॉनची लुकणे तयार झाली. नळीतून पिळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो तेच हे. तो ॲसेटिक आम्लाचा वास. घट्ट झाल्यावर वास जातो, आणि मागे राहते ते रबरासारखे लवचीक, पाण्यात काही न सोडणारे, काचेला घट्ट धरणारे. त्याच सुमाराला, १९५९ मध्ये, इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तक्ता करण्याची पद्धत जाहीर केली. सपाट स्वस्त काच आणि सिलिकॉन यांची गाठ पडली, आणि १९६० नंतरच्या दशकात बिनचौकटीची, निव्वळ काचेची टाकी जगभर पसरली. शंभर वर्षांची लांबीची कटकट एका नळीने मिटवली.

मिटवली खरी, पण सांध्याचे काम उलटे झाले, याची जाणीव फारशी कोणाला नसते. काचेच्या टाकीत बाहेर चौकट नाही. पाणी समोरच्या काचेला बाहेर ढकलते आणि सिलिकॉन तिला आत ओढून धरते. पूर्वी पाणी सांधा मिटवी. आता पाणी सांधा उघडू पाहते, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. सिलिकॉन ते सोसते, चांगले केलेले असेल तर पंधरा-वीस वर्षेही सोसते. पण सगळा विश्वास त्या दोन-तीन मिलिमीटरच्या थरावर आहे. म्हणून दुकानात टाकी पाहताना काच ठोकून पाहण्यापेक्षा सांधा पाहावा. त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात का? थर सगळीकडे सारखा आहे का? कडेला पांढुरकी रेघ, म्हणजे सिलिकॉन काचेवरून सुटल्याची खूण, आहे का? जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक ध्यानात ठेवावे. घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. गळक्या जागी वरून बोट फिरवून दिलेले ठिगळ म्हणजे फसवणूक. सगळे खरवडून, काच कोरी करूनच नवे भरावे लागते. आणि न्हाणीघरासाठी मिळणारे, बुरशी न धरणारे सिलिकॉन इथे चालत नाही. जे बुरशी मारते ते माशांनाही सोडत नाही. शिशाच्या सफेद्याचीच ही नवी आवृत्ती.

आता माझ्या गोष्टीचा उरलेला भाग सांगून टाकतो. १९९० च्या सुमारास शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत, मी शहापूरचा किस्सा रंगवून सांगत होतो. आमचे विज्ञानाचे गुरुजी डबा खाता खाता थांबले. "पंप कुठं ठेवला होता?" हवेचे बुडबुडे सोडणारा तो लहानसा विजेचा पंप. म्हटले, "टाकीमागं, खाली जमिनीवर." "आणि वीज गेली होती म्हणता?" "हो." ते हसले. "मास्तर, टाकी गळलीच नाही. वक्रनलिका झाली."

पंप चालू असतो तोवर हवा नळीतून खाली पाण्यात जाते. वीज गेली, हवा थांबली. पाणी नळीत चढले, टाकीच्या काठावरून पलीकडे उतरले, आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असल्यामुळे वाहतच राहिले. पंपातल्या रबरी पडद्या जुन्या झालेल्या. त्यांनी ते अडवले नाही. नळीचे दुसरे टोक टाकीच्या तळाशी, म्हणून तळापर्यंत रिकामी. आठवीच्या पुस्तकातली गोष्ट. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच जागी ठेवला असता, किंवा नळीत एकाच दिशेने वाट देणारी चार आण्यांची झडप घातली असती, तर अज्जींचा ताणा भिजला नसता. मामांच्या लांबीने एक थेंब सोडला नव्हता.

त्याच संध्याकाळी सायकल काढून शहापूरला गेलो. बोळाच्या तोंडाशी एक टेलिफोन बूथ झाले होते. मामा दोन वर्षांपूर्वी वारले असे शेजारच्या पानवाल्याने सांगितले. मुलगा कुठे गेला ते त्यालाही ठाऊक नव्हते.

हे सौभाग्यवतीला माहीत आहे. तरी ती म्हणते, "ते असू दे. ही फुटली तर?" तिचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. बर्लिनमध्ये एका हॉटेलच्या प्रशस्त दालनात ॲक्वाडोम नावाचे उभ्या नळकांड्यासारखे प्रचंड मत्स्यालय होते. ॲक्रिलिकचे, दहा लाख लिटर पाण्याचे, सुमारे दीड हजार माशांचे. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे सहाच्या आत ते एकाएकी फुटले. पाणी दालनातून रस्त्यावर आले, दोन माणसे जखमी झाली, बहुतेक सगळे मासे गेले. तासा-दोन तासांनी ही घटना घडती तर दालनात कितीतरी माणसे असती. २०२३ मध्ये आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालाला एकच एक कारण ठामपणे दाखवता आले नाही. पण चर्चिलेल्या शक्यतांत एक होती सांध्याचा चिकटा निकामी झाल्याची. पुन्हा सांधाच.

मात्र बर्लिनवरून टिळकवाडीचा अंदाज बांधणे बरोबर नाही, आणि इथे सोळाव्या शतकातला एक डच माणूस आपल्या उपयोगी पडतो. समुद्राला बांध घालून जगणाऱ्या देशातला सायमन स्टेव्हिन. पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर नसून त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, हे त्याने १५८६ मध्ये मांडले. राकसकोपच्या जलाशयाचे पाणी मागे किती दूर पसरले आहे याच्याशी धरणाच्या भिंतीला कर्तव्य नाही. भिंतीपाशी ते किती खोल आहे, एवढेच तिला कळते. टाकीचेही तसेच. म्हणून टाकी "मोठी" आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा. ती उंच किती, हा खरा प्रश्न.

मी कागद-पेन्सिल घेऊन नातवाला बसवला. सहा फूट लांबीच्या समोरच्या काचेवर, पाणी एक फूट असेल तर एकूण रेटा येतो सुमारे ८५ किलोंचा. दीड फूट पाण्याला १९० किलोंचा. दोन फूट पाण्याला ३४० किलोंचा. उंची दुप्पट, रेटा चौपट. रुंदी दोन फुटांऐवजी तीन केली तरी या आकड्यात काडीचा फरक नाही. नातू चक्रावला. "म्हणजे आजोबा, पाणी दीडपट झालं तरी काचेला कळणारच नाही?" म्हटले, "काचेला नाही. जमिनीला कळेल."

जमिनीचा हिशेब वेगळा. दोन फूट उंचीच्या त्या टाकीत काठोकाठ ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे ६८० किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या काचा सव्वाशे किलो. वाळू, दगड, खालचे टेबल धरून नऊशेच्या पुढे. पंगतीला आलेली पंधरा माणसे एका सतरंजीवर दाटीने उभी करावीत, आणि ती कधीच हलू नयेत, असे हे वजन. राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. टाकीखाली तो याच्या चौपट होतो. तो थोड्याच जागेवर असतो आणि बाकीची खोली मोकळी असते हे खरे, म्हणून तेवढ्याने घर पडत नाही. पण टाकी खोलीच्या मधोमध नको, तुळईजवळ, भिंतीला धरून हवी, आणि इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय तर नकोच. शिवाय टेबल पाणसळीत हवे. एक कोपरा जरा खाली असला की काच पिळवटते. सांधा गळतो तो बहुधा हळूहळू, थेंबाथेंबाने, सावध करून. पण पिळलेली काच एका क्षणात तडकते. म्हणूनच तळाची काच टेबलावर सपाट टेकणारी असेल तर खाली थर्मोकोलचा तक्ता घालतात. वाळूचा एखादा खडा तळाखाली राहिला तरी थर्मोकोल तो गिळून टाकते.

शेवटी तडजोड झाली. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट, पण उंची दीड फूट. पाणी ५१० लिटर. काच मात्र दोन फुटी टाकीचीच, बारा मिलिमीटर, वर आडव्या काचपट्ट्या घालून. दुकानदार म्हणाला, "एवढी जाड काच कशाला, सर? विनाकारण खर्च." म्हटले, असू दे. नातवाला उंच झुलणारे एंजल मासे हवे होते. त्यांना एवढे पाणी पुरते, असे त्याला पटवायला दोन दिवस लागले. पंप भिंतीवर, पाण्याच्या वर, खिळ्याला; आणि तरीही नळीत झडप. झडप आता चार आण्यांना मिळत नाही.

टाकी घरी आणण्याआधी दुकानाच्या मागच्या अंगणात आठ दिवस भरून ठेवायची अट मी घातली होती. कोरड्या वर्तमानपत्रावर. दुकानदाराने ती हसून मान्य केली. ही परीक्षा कुठून शिकलात, असेही त्याने विचारले. खालच्या मजल्यावरच्या घरी जाऊन आधीच सांगून आलो. त्या घरातल्या अज्जी आता माझ्याहून लहान आहेत. त्यांनी चहा दिला आणि एकच विचारले, "सोरुदिल्लल्ला?" गळणार नाही ना?

टाकी आली, टेबलावर बसली, भरली. तिच्या चारी बाजूंनी कागद पसरलेला आहे. रोज पहाटे उठलो की चष्मा लावतो आणि आधी तो हाताने चाचपून पाहतो. आज सतरावा दिवस. नातू म्हणतो, आजोबा, आता काढा तो कागद, मासे आणायचेत. मी म्हटले, महिना होऊ दे.